एकशे सतरा नंबरची जाळी

आधीच सांगून ठेवते, मी काही न्यायनिवाडा करायला बसलेली नाही. मला डॉक्टरांचा राग होता, आहे आणि राहील. ज्याला दोन्ही बाजू ऐकायची हौस असेल त्याने दुसऱ्या कुणाकडे जावं. मी आमच्या वन्संची बाजू सांगणार.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही तिघंही जंगलातल्या संशोधन केंद्रावर कामाला. नवरा जीप चालवतो, मी स्वयंपाकघर सांभाळते आणि वन्सं एकोणीस वर्षं जाळ्या सांभाळत होत्या. केंद्र म्हणजे काही राजवाडा नव्हे. पत्र्याच्या छपराच्या लांबच लांब चार खोल्या, एक शिकवायची खोली, एक वाळवणखोली, माझं स्वयंपाकघर, आणि मागच्या दारातून पाऊल टाकलं की जंगल. कपाटातल्या बुटांना दोन दिवसांत बुरशी चढते, मीठ बारा महिने ओलं. विद्यार्थी येतात, जातात. कुणी बेडूक मोजतं, कुणी मुंग्या. एका मुलाने सहा महिने नुसतं शेवाळ मोजलं आणि जाताना माझ्या गळ्यात पडून रडला. त्यांना काय सापडतं ते मला कळत नाही. भूक किती लागते ते मात्र मला बरोबर ठाऊक.

जाळ्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. झाडांवरून काय पडतं, कधी पडतं, किती पडतं हे कळावं म्हणून कमरेएवढ्या उंचीवर बारीक भोकांची जाळी ताणून बसवतात. प्लास्टिकच्या नळ्यांचे चार पाय, वर चौकट आणि मध्ये झोळी. अशा एकशे साठ जाळ्या. एक नंबरची नदीकाठी आणि शेवटची वर कड्याच्या माथ्यावर. दर आठवड्याला प्रत्येक जाळीतलं सगळं पिशवीत भरायचं, वाळवणखोलीच्या टेबलावर ओतायचं आणि निवडायचं. पानं एकीकडे, फुलं एकीकडे, बिया एकीकडे. बिया ओळखायच्या, मोजायच्या, वहीत लिहायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पाऊस असो, ताप असो, घरात कुणी गेलेलं असो. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातसुद्धा वहीचं पान कोरं नाही.

वन्सं तेविसाव्या वर्षी सासरहून परत आल्या त्या आल्याच. का, ते त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षांनी तिकडची माणसं समजूत काढायला आली. वन्संनी त्यांना चहा दिला, कप विसळून पालथे घातले आणि म्हणाल्या, "बस सव्वापाचची आहे." झालं. एवढ्यावर त्यांचा संसार संपला. मी असते तर आरडाओरडा करून गाव गोळा केलं असतं. वन्संचं तसं नाही. त्या राग बरणीत भरतात आणि झाकण घट्ट लावतात. किती वर्षांनी उघडतील त्याचा नेम नाही.

परत आल्यावर त्या माझ्या मदतीला स्वयंपाकघरात यायच्या. केंद्राचे पहिले प्रमुख, आम्ही त्यांना थोरले सर म्हणायचो, एकदा चहा मागायला आले आणि वन्संना तांदूळ निवडताना बघत उभेच राहिले. चहा गार झाला. म्हणाले, "ताई, खड्यांऐवजी बिया निवडाल का?" त्या दिवसापासून वन्सं जाळ्यांच्या झाल्या.

शास्त्रातली लांबलचक नावं त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. काचेच्या चारशे बाटल्या, प्रत्येकीत एकेक बी आणि वर चिठ्ठी: बटण, म्हातारीचा दात, काजळी, कानातलं. एका चपट्या, मध्ये फुगलेल्या बीचं नाव उशी. थोरल्या सरांनी प्रत्येक चिठ्ठीखाली शास्त्रातलं नाव लिहून दिलं आणि वन्संची नावं तशीच राहू दिली. माणूस तसा होता.

आता वहीच्या कोपऱ्याची गोष्ट. उशीचं झाड फक्त नदीकाठी. पण एकशे सतरा नंबरच्या जाळीत, ती कुठे तर पार वर कड्यावर, अधूनमधून उशा सापडायच्या. वन्संनी एक हातात घेऊन उजेडाला धरली तर तिच्यावर बारीक दातांच्या रेघा. जाळीच्या वर बघितलं तर कड्याच्या कपारीत वटवाघळं लटकलेली. नदीकाठून फळ उचलायचं, वर आणून निवांत खायचं आणि बी खाली टाकायची, असा त्यांचा कारभार. वन्संनी विचारलं, "ही मोजू का सोडू?" वहीच्या छापील पानावर वटवाघळासाठी रकानाच नव्हता. थोरले सर म्हणाले, "मोजा. आणि ज्या आठवड्यात अशा असतील त्या पानाचा खालचा कोपरा दुमडा. मला कळेल." वन्संनी एकोणीस वर्षं कोपरे दुमडले. थोरले सर सातव्या वर्षीच निवृत्त झाले, मग वारले. पण दुमडायचं सांगितलं होतं, थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टर आले, दवाखान्यातले नव्हे, संशोधन करणारे. गोरागोमटा, गोडबोल्या माणूस. पहिल्या दिवशी माझ्या हातचं खाऊन "वा, वा" केलं. मीही भाळले, खोटं कशाला बोलू. त्यांच्याबरोबर त्यांची विद्यार्थिनी, जाड चष्म्याची, जळवांना घाबरणारी, चोवीस-पंचवीसची मुलगी. आम्ही तिला चष्मेवाली म्हणायचो आणि ती मला मावशी म्हणायची. पाणी उकळायला ठेवलं की ही ओट्यावर चढून बसायची आणि पाय हलवत गप्पा मारायची.

डॉक्टरांनी वन्संच्या सगळ्या वह्या मागितल्या. वन्सं वह्या घेऊन शिकवायच्या खोलीत गेल्या तेव्हा मी तिथे चहा देत होते, म्हणून मी हे कानांनी ऐकलंय. वन्सं म्हणाल्या, "साहेब, यातली काही पानं कोपऱ्याला..."

डॉक्टरांनी हात वर केला. समोर बारा विद्यार्थी बसलेले. हसून म्हणाले, "ताई, तुम्ही वेचा. अर्थ लावायला आम्ही आहोत."

पोरं हसली. वन्सं वह्या टेबलावर ठेवून बाहेर आल्या. पुढे त्या वह्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते. यंत्रात पान सपाट बसेना, म्हणून चष्मेवालीने दोन दिवस बसून सगळे कोपरे सरळ केले आणि वर जाडजूड पुस्तकं ठेवली. तिला काय माहीत? तिला तसंच सांगितलं होतं.

वर्षभराने ती उड्या मारत स्वयंपाकघरात आली. एका हातात डॉक्टरांचा छापून आलेला लेख, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. वर्तमानपत्रात रंगीत फोटो होता. डॉक्टर जाळी धरून उभे, डोक्यावर वन्संची टोपी. हो, वन्संचीच, किनारीला मी घातलेला निळा टाका दिसत होता! आणि जाळीच्या दुसऱ्या टोकाला एक हात, मनगटापर्यंत. पुढची बाई कापून टाकलेली.

"ताईंचं नाव कुठाय?" मी विचारलं.

ती शोधायला लागली. पानं मागे-पुढे केली. मग तिचा आवाज बारीक झाला. "इथे आहे, म्हणजे... स्थानिक मजुरांचे आभार मानलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मजूर! मुसळधार पावसात गुडघाभर चिखल तुडवत कड्यावर जाणारी बाई एकच, आणि तिला हे मजूर म्हणून गर्दीत ढकलतात! मी झारा उचललाच होता. वन्संनी माझा हात धरला आणि चष्मेवालीला शांतपणे विचारलं, "लिहिलंय काय त्यात? नीट सांग."

तिने सांगितलं. उशीचं झाड नदीकाठचं, पण त्याच्या बिया वर कड्यावर सापडताहेत. म्हणजे हवा तापते आहे तसं ते झाड डोंगर चढतंय. वर कुठेतरी त्याची नवी झाडं उभी आहेत. मोठा शोध आहे, सगळीकडे वाहवा होते आहे. आणि तिचा स्वतःचा प्रबंधही याच झाडावर आहे.

"कुठल्या जाळीत सापडल्या?" वन्संनी विचारलं.

"एकशे सतरा."

वन्संना हसताना मी जन्मात तीनदा पाहिलंय. त्यातलं हे एक. आवाज नाही, नुसते खांदे हलले. चष्मेवालीला वाटलं ताईंना आनंद झाला. ती बिचारी पण हसली.

ती गेल्यावर वन्संनी मला कोपऱ्याचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "आत्ता जाते आणि सगळ्यांसमोर सांगते!"

"तू काही सांगायचं नाहीस."

"अहो, का?"

"आत्ता सांगितलं तर तो आत्ता दुरुस्त करेल. अजून उंच चढू दे त्याला."

असं बोलल्या आणि बटाटे सोलायला बसल्या. अंगावर काटा आला माझ्या, खरं सांगते. आणि बरंही वाटलं.

चौदा महिने. चौदा महिने मी त्या माणसाला रोज तीन वेळा वाढलं आणि तोंड शिवून ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड. माझ्या जिभेला हाड नाही हे साऱ्या केंद्राला माहीत. मग मी हाताने सूड घ्यायचे. भाताची खालची करपलेली खरवड कुणाच्या ताटात? डॉक्टरांच्या. कॉफीचा गाळ? डॉक्टरांच्या कपात. "मावशी, आज अंडं जरा कच्चं राहिलं," म्हणाले एकदा. म्हटलं, "गॅस डोंगर चढत नाहीये हल्ली." त्यांना कळलं नाही. वन्संनी मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी दोन दिवस गप्प.

डॉक्टर चढत होते. भाषणं झाली, पाहुणे आले, फाटकाशी रंगीत फलक लागला: डोंगर चढणारं झाड. केंद्राचे नवे प्रमुख तेच होणार अशी बोलवा उठली. स्वतः मात्र नव्वद नंबरच्या जाळीच्या वर कधी गेले नाहीत. आधी गुडघा, मग जळवा, मग वेळ नाही. एकदा चष्मेवालीला झाडांचे फोटो काढायला पाठवलं, तर वर ढग उतरलेला, तिला स्वतःचा हात दिसेना. "ढगात काय दिसणार," म्हणाले आणि विषय मिटवला. एकदा वन्संना विचारलं, "ताई, वर झाडं आहेत ना?"

"तुमच्या लेखात आहेत ना?" वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे काय, आहेतच!"

"मग झालं."

यात वन्सं कुठे खोटं बोलल्या सांगा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. चष्मेवालीचा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा राहतोय हे मला ठाऊक होतं. वन्संनाही होतं. आम्हाला सुचलंच नाही असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. मला एकदा सुचलं होतं, भांडी घासताना. मी नळ मोठा सोडला आणि दुसरं काहीतरी मनात आणलं.

शेवटी निवड समितीची माणसं आली. चार जण, त्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई, सत्तरीच्या, पण चालीला माझ्यापेक्षा चपळ. डॉक्टर प्रमुख होणार की नाही हे त्यांच्या हातात. सकाळी चहा पिताना बाई म्हणाल्या, "कागद पुष्कळ पाहिले. आता झाड दाखवा."

डॉक्टरांनी घोट गिळला. मग वन्संकडे वळून म्हणाले, "ताई नेतील आपल्याला. जंगल त्यांच्या पायाखालचं आहे."

"जाळीपर्यंत नेते," वन्सं म्हणाल्या. त्यांनी झोळीत एक वही टाकली आणि निघाल्या.

मी काय खाली थांबणार! दुपारच्या जेवणाचे डबे वर कोण नेणार म्हणून मी नवऱ्याच्या हातातून पिशवी ओढूनच घेतली. तीन तास चढ. डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टाचा ओला फडका झाला. दर वळणावर ते कुठल्यातरी झाडापाशी थांबून व्याख्यान द्यायचे, म्हणजे दम खाता येतो. चष्मेवाली कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या पुढे. तिला वाटत होतं आज तिचं झाड भेटणार.

एकशे सतरा नंबरची जाळी आली. आकाश स्वच्छ, लख्ख ऊन. वन्सं बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "ही जाळी."

जाळीत चार उशा पडल्या होत्या. बाईंनी एक उचलली, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली.

"हे दात कुणाचे?"

"उंदीर असतील," डॉक्टर म्हणाले. "खाली पडल्यावर उंदीर येतात."

"कमरेएवढ्या जाळीत?"

तेवढ्यात वरून काहीतरी टपकन डॉक्टरांच्या खांद्यावर पडलं. शर्टावर पिवळा ओघळ. सगळ्यांनी माना वर केल्या. कपारीत ओळीने लटकलेली वटवाघळं, त्यातलं एक पंख उघडून आम्हाला निरखत होतं. मला हसू आवरेना. मी डब्यांच्या पिशवीत तोंड खुपसलं.

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, झाड कुठे आहे?"

तो माणूस एका क्षणात बदलला. गोडवा गेला. बोट वन्संकडे. "बिया या बाई निवडतात. नोंदी यांच्या. वटवाघळांचं यांनी आम्हाला कधी सांगितलंच नाही. एकोणीस वर्षं चुकीच्या नोंदी केल्यात यांनी!"

बघा! आभार मानायची वेळ आली तेव्हा मजूर, आणि खापर फोडायची वेळ आली तेव्हा नोंदी यांच्या! माझं तोंड उघडलंच होतं, पण वन्सं आधी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"सांगायला आले होते. बारा पोरांसमोर तुम्ही म्हणालात, तुम्ही वेचा, अर्थ लावायला आम्ही आहोत. मी वेचलं. तुम्ही अर्थ लावलात."

त्यांनी झोळीतली वही काढून बाईंच्या हातात दिली आणि कोपऱ्यांचं सांगितलं, तीन वाक्यांत. कोपरे सपाट होते, पण घडी एकदा पडली की कागदावर रेघ राहतेच. बाईंनी पान तिरकं धरून बघितलं. मग दुसरं. मग दहावं.

"हे सरळ कुणी केले?" त्यांनी विचारलं.

"मी," चष्मेवाली म्हणाली.

सगळ्यांचं लक्ष डॉक्टरांवर होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि मग बघवेना. तिने कॅमेरा बंद केला, झाकण लावलं, पिशवीत घातला. झाकण नीट बसलंय का ते दोनदा तपासलं.

उतरताना डॉक्टर घसरले, चिखलात बसले. मी त्यांना हात दिला नाही. आजही देणार नाही. फलक त्याच आठवड्यात उतरला. प्रमुखपद गेलं. पण अशा माणसांचं काय बिघडतं हो? कुठल्याशा शहरात दुसऱ्या जागेवर गेले, तिथे दुसरं काहीतरी डोंगरावर चढवत असतील. मला त्यांची आणखी फजिती हवी होती. अजून हवी आहे.

चष्मेवालीचा प्रबंध मात्र तिथेच मोडला. तीन वर्षांचं काम, पहिल्या पानापासून त्या आकड्यांवर. तिचा मार्गदर्शक हात झटकून मोकळा झाला. तिची शिष्यवृत्ती थांबली. निघायच्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावर बसली नाही. दारातच उभी राहिली. वन्सं तिथेच शेंगा सोलत होत्या.

"ताई, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो," वन्सं म्हणाल्या. दुसरी कुणी असती तर काही सारवासारव केली असती.

"मी तो लेख वाचून दाखवला तेव्हापण?"

"हो."

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, मी रोज इथे बसायचे."

माझ्याकडे सगळ्यांना द्यायला उत्तरं असतात. जगात असा माणूस नाही ज्याला मी निरुत्तर सोडलंय. तिला मी एवढंच म्हटलं, "डबा भरलाय, गाडीत खा." तिने डबा घेतला नाही.

वन्सं दोन दिवस जेवल्या नाहीत. मी चिडले. म्हटलं, "अहो, तुमचं काय चुकलं? सूड घ्यायचा होता तो घेतलात!"

"ज्याच्यावर घेतला तो गाडीत बसून गेला," त्या म्हणाल्या. "आणि ती एसटीने गेली, उभी."

पांढऱ्या केसांच्या बाईंचं पत्र आलं. कुठलं वटवाघूळ कुठली बी किती लांब नेतं याची एकोणीस वर्षांची नोंद दुसऱ्या कुणाकडे नाही, घडीच्या रेघा बघून कुठल्या आठवड्यातली कुठली बी वटवाघळाची होती ते वेगळं काढून दिलंत तर फार मोठं काम होईल, तुमच्या नावाने छापू, असं लिहिलं होतं. तुमच्या नावाने! मी पत्र तीनदा वाचायला लावलं नवऱ्याला. जे व्हायला हवं होतं ते दारात येऊन उभं राहिलं होतं.

वन्संनी काम केलं. अकरा आठवडे वाळवणखोलीत बसून, एकेक पान उजेडाला तिरकं धरून. चार वह्या भरल्या. मला वाटलं बाईंना जाणार. तर एका सकाळी वह्या पुड्यात बांधून माझ्यापुढे ठेवल्या आणि वर पत्ता चष्मेवालीच्या घरचा.

"अहो वन्सं! हे तुमचं आहे!"

"तिला पुन्हा उभं राहता येईल यावर. तिचं तिला करू दे."

मी पुडा उलटासुलटा केला. "निदान आत दोन ओळी? पाठवणाऱ्याचं नाव?"

"नको. केंद्राचा पत्ता घाल." मग त्या खिडकीकडे बघत राहिल्या, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. "माझं नाव बघितलं आणि तिने न उघडताच फाडून टाकलं तर?"

पुडा घेऊन मी तालुक्याच्या पोस्टात गेले. रांग लांब होती. अख्ख्या रांगेत मी तोंडातल्या तोंडात भांडत होते, कुणाशी ते मलाच कळेना. डॉक्टरांशी, वन्संशी, त्या पोरीशी. थोडं माझ्याशीही. माझी पाळी आली. कारकुनाने पुडा वजनाला लावला आणि मान वर न करता विचारलं, "पाठवणाऱ्याचं नाव?"

मी सांगितलं. वन्संचं नाव, मधलं नाव, आडनाव, माहेरचं, सगळं. कारकून म्हणाला, "बाई, एवढ्या मोठ्याने कशाला, मी बहिरा नाही." मी पुन्हा सांगितलं, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि तो ठळक अक्षरात लिहीपर्यंत खिडकीतून हलले नाही. फाडायचं असेल पोरीला, तर आधी नाव वाचून मग फाडू दे.